नऊ तास बैलाचे

म्हसा, नारिवली, देहरी आणि आसपासच्या पाड्यांवर काम करणाऱ्या आशाताईंना,



पौष पौर्णिमेला तुमच्याकडे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचा एवढा मोठा बाजार ठाणे जिल्ह्यात दुसरीकडे बघायला मिळत नाही. घेणारा बैलाचे दात बघतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवून बघतो आणि मगच किमतीचं बोलतो. या बैलांसाठी केंद्र सरकारचे नियम आहेत, १९६५ सालचे. गाडीच्या किंवा ओझ्याच्या जनावराला दिवसात एकूण नऊ तासांवर जुंपायचं नाही. विसावा दिल्याशिवाय सलग पाच तासांपलीकडे चालवायचं नाही. पारा ३७ अंशांच्या वर गेला, तर दुपारी बारा ते तीन जू मानेवर ठेवायचं नाही. हे नियम कुठे किती पाळले जातात, ते तुम्हीही बघता. पण जनावर थकतं आणि त्याच्या थकण्याला जुंपणारा जबाबदार असतो, एवढं सरकारने लिहून तरी ठेवलं.

तुमच्याविषयीही एक कागद आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यातून आशा योजना उभी राहिली. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत तुमचं काम दिवसाला दोन-तीन तास, आठवड्यातून साधारण चार दिवस, असं धरलेलं होतं. घर-शेत सांभाळून, जमेल तसं करायचं काम. हे वाक्य पुढच्या मासिक सभेत कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तर हसू आवरणार नाही. तुम्हाला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटलं गेलं, पगाराऐवजी कामागणिक मोबदला दिला गेला, त्याचा पाया हाच हिशेब होता. पुढे कामं वाढत गेली आणि हिशेब होता तिथेच राहिला.

म्हणून हे पत्र तुमच्या ताणाबद्दल आहे. ‘कामाच्या ठिकाणचा ताण’ म्हटलं की वर्तमानपत्रांत चित्र ठरलेलं असतं: काचेची इमारत, लॅपटॉप, कपाळाला हात लावलेला तरुण. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कामगाराला किंवा आसनगावहून पहाटेची लोकल धरणाऱ्यालाही त्या चित्रात जागा मिळत नाही, मग तुम्हाला कुठून मिळणार? तुमच्या कामाला मुळात ठिकाणच नाही. अख्खं गाव हे तुमचं ऑफिस, तुमच्या घराचा ओटा हे त्याचं काउंटर, आणि ते बंद व्हायची वेळ कुठेच लिहिलेली नाही.

सकाळी भाकऱ्या थापता थापता पहिला फोन येतो. लसीकरणाचा दिवस असेल तर आया आणि पोरं गोळा करून आणायची. नसेल तर क्षयाच्या रुग्णाने गोळ्या घेतल्या का ते बघायचं, तापाच्या रुग्णाचं रक्त घ्यायचं, साचलेल्या पाण्यात अळ्या आहेत का ते शोधायचं, तिशीच्या वरच्या माणसांचे बीपी-शुगरचे फॉर्म भरायचे, आयुष्मान कार्डासाठी माणसं शोधायची. कार्ड काढायला नेट लागतं. नेटसाठी पाड्यावरून टेकाडावर चढायचं, आणि तिथे रेंज मिळाली की म्हाताऱ्याचा अंगठा मशीनवर उमटत नाही, कारण आयुष्यभर लाकूडफाटा वाहून आणि माती उपसून त्यावरच्या रेषाच पुसून गेल्या आहेत. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज येतो: आजचा रिपोर्ट तातडीने पाठवा. तो पाठवत असतानाच ओट्यावर कुणीतरी उभं असतं, तापाची गोळी मागायला. त्याला नाही म्हणता येत नाही, कारण तो चुलतदीर असतो. शहरातला कारकून साहेबाच्या तावडीतून सुटला की घरी जातो. तुमचा रुग्ण, शेजारी, भावकी आणि तक्रार करणारा, ही बहुतेक वेळा एकच माणसं असतात.

रात्रीचा फोन आला तर मग विचारायलाच नको. ज्या पाड्याला रस्ता नाही तिथून पोटुशी बाई झोळीत घालून डांबरापर्यंत आणायची, गाडी येईपर्यंत तिचा हात धरून बसायचं, आणि दवाखान्यात पोचल्यावर ‘उशीर का केला’ हा प्रश्न ऐकायचा. तो विचारतात तुम्हाला. रस्ता न करणाऱ्याला विचारायला तिथे कुणी हजर नसतं.

दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, पनवेलकडे. गरोदर बाईचं नाव तुमच्या रजिस्टरात आणि बाई भट्टीवर. तिची पुढची तपासणी झाली का, लोहाच्या गोळ्या तिने घेतल्या का, याचा जाब मात्र तुमच्याकडे. तिच्या मुकादमाचा फोन नंबर तुम्ही मिळवता, स्वतःच्या रिचार्जवर त्याला विनवता, तो फोन उचलत नाही. माझ्या मते तुमच्या कामातलं दुखणं नेमकं इथे आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. कामाचा रेटा मोठा असला म्हणून माणूस मोडतोच असं नाही. रेटा मोठा आणि ते काम कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवायची मुभा मात्र नाही, अशा कामात माणूस मोडतो. पुढे इतरांनी त्यात तिसरी गोष्ट जोडली, पाठीशी उभं राहणारं कुणी आहे का ही. भात लावणीच्या दिवसांत तुम्ही सकाळपासून अंधार पडेपर्यंत चिखलात वाकता, कंबर मोडते, पण त्याने झोप उडत नाही. आवण कधी काढायचं ते घर ठरवतं, शेजारणी सोबत असतात, आणि संध्याकाळी किती वाफे लागले ते डोळ्यांना दिसतं. रात्री दोन वाजता जाग येते ती न मिळालेल्या रेंजपायी आणि भट्टीवर गेलेल्या बाईपायी. जबाबदारी सगळी तुमची आणि हुकूम एकाही गोष्टीवर चालत नाही.

‘टेन्शन मोठ्या साहेबांना असतं, आपल्याला कसलं’ असं तुमच्या घरातही कुणी म्हणत असेल. लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल नावाचा. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून दाखवून दिलं की सर्वांत खालच्या पायरीवरच्या, म्हणजे निरोपे आणि दरवान यांच्यात मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होतं. विडी-सिगारेट, रक्तदाब असं सगळं हिशेबात धरूनही तो फरक पुरता उलगडेना. नंतरच्या अभ्यासात हृदयविकाराचा धागा कामावरचा ताबा कमी असण्याशी जुळला. ते सगळे कायम नोकरीतले, पेन्शन असलेले लोक होते, हेही लक्षात घ्या. तुमची पायरी त्यांच्या सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली आहे, कारण तुम्हाला त्या जिन्यावर मोजलेलंच नाही.

पैशाचं बोलू. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुम्ही तिच्या घरी जाता. बाळाचं वजन, ताप, श्वास, आईचं दूध, सगळं बघता. या सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये, एका भेटीला बेचाळीसच्या आतबाहेर. पाडा लांबचा असेल तर जीपचं भाडं त्यातूनच जातं. जर्मन समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये ओतलेली मेहनत आणि हाती येणारा मोबदला यांच्या तफावतीलाच आजाराचं कारण म्हटलं, आणि मोबदल्यात त्यांनी पैशाबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही धरली. मला तर वाटतं, रक्कम कमी असण्यापेक्षा ती किती आणि कधी येईल हे माहीत नसणं जास्त पोखरतं. दुकानदाराची उधारी ठरलेल्या तारखेला मागितली जाते. तुमच्या खात्यात पैसे कधी पडतील ते सांगणारी तारीख नसते.

आणि मानाचं म्हणाल, तर तो २०२२ च्या मे महिन्यात थेट जिनिव्हाहून आला. जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला. कोविडमध्ये तुम्ही घरोघर फिरून ताप मोजत होता, लोक दारं लावून घेत होते, काही ठिकाणी अंगावर धावून येत होते, त्याची ती पावती. पावती चांगलीच आहे. फक्त किराणा दुकानात चालत नाही.

आता जे कुणी फारसं बोलत नाही ते. बाळ दगावतं, क्वचित आई दगावते. त्या घरी तुम्ही सहा महिने जात होता, ओटी भरायला गेला होता. मातामृत्यूची खबर चोवीस तासांत द्यायची असते आणि ती बहुधा तुम्हीच देता. मग चौकशी बसते. मातामृत्यूच्या अन्वेषणाच्या सरकारी सूचनांत साफ लिहिलेलं आहे की हेतू चूक सुधारण्याचा आहे. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही. त्या खोलीत प्रत्यक्षात काय बोललं जातं, ते तुम्ही जाणता. दुःख करायला सवडच मिळत नाही, कारण आधी खुलासा द्यायचा असतो. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून पुढच्या गरोदर बाईकडे जायचं असतं आणि तिची सासू तुमच्याकडे कशी बघते तेही सोसायचं असतं. पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका यांच्या मनावर अशा प्रसंगांचा ओरखडा राहतो, हे आता सगळे मानतात. तुमच्याबाबत तो प्रश्न कुणाला पडलेला मी पाहिला नाही.

गंमत अशी की नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घ्यायची ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रात घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच माणसांना शिकवून ती राबवली. नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि मग ती देशभर गेली. पण तिथे आरोग्यदूत एकटा सोडलेला नव्हता. ठरावीक दिवसांनी डॉक्टर गावात येत, काम बघत, चुकलं असेल तिथे शिकवत. देशभर पसरवताना भेटींचं वेळापत्रक सगळीकडे पोचलं आणि पाठीवरचा हात वाटेत राहिला. तुमच्या गटप्रवर्तक ताई येतात, खरं आहे. पण वीस-बावीस आशा, कंत्राटी नेमणूक आणि त्यांच्याही डोक्यावर रिपोर्टांचा ढीग. त्या तरी कुणाच्या पाठीवर हात ठेवणार?

अशा वेळी कुणीतरी ताणव्यवस्थापनाचं एक सत्र ठेवतं. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा. श्वासाला माझा विरोध नाही. सावकाश सोडलेल्या श्वासाने छातीची धडधड उतरते, ते खरं आहे आणि फुकट आहे, करून बघा. रोज तासभर चालायचा सल्लाही उत्तम, पण तो तुम्हाला देणाऱ्याने आधी एकदा तुमच्याबरोबर पाड्यावर यावं. माझा राग श्वासावर नाही. सत्राच्या शेवटी ताण ही तुमच्या स्वभावाची उणीव होऊन बसते आणि ती दुरुस्त करणं हे आणखी एक काम तुमच्याच यादीत चढतं, त्यावर आहे. बैलाचा खांदा सोलवटला तर त्याला श्वास घ्यायला कुणी सांगत नाही. जू तपासतात.

तुमच्या हातात काहीच नाही असंही मला म्हणायचं नाही. शेजारच्या दोन पाड्यांच्या दोघींनी जोडी करून रात्रीचा फोन आलटून पालटून घ्यायचा, हे गटप्रवर्तकांच्या कानावर घालून करता येईल. निम्म्या रात्री तरी फोन उशाशी न घेता झोपाल. आलेला प्रत्येक निरोप आणि प्रत्येक फेरी डायरीत वेळेसकट लिहून ठेवा. मोबदल्याची वजावट झाली तर ती कामी येईल, चौकशी बसली तर जास्तच. आणि दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण नकोसं झालं असेल, विनाकारण रडू येत असेल, पोरांवर हात उठू लागला असेल, तर ज्या आरोग्य केंद्रात तुम्ही इतरांना नेता तिथे एक दिवस स्वतःचा केसपेपर काढा. तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं? मशीन तर त्याच केंद्रात असतं.

एक कायदाही सांगून ठेवतो, कारण तो तुम्हाला कर्मचारी मानतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्यात पगारी, बिनपगारी, स्वयंसेवी, असे सगळे कर्मचारी धरले आहेत, आणि कामानिमित्त जावं लागतं ती प्रत्येक जागा, येण्याजाण्यासाठी मालकाने दिलेल्या वाहनासकट, ‘कामाचं ठिकाण’ मानली आहे. म्हणजे ज्या ओट्यावर तुम्ही सर्व्हेला जाता तिथे कुणी वावगं बोललं, वागलं, तर ते तुमच्या कामाच्या ठिकाणी घडलं. जिल्ह्याच्या पातळीवर त्यासाठी स्थानिक समिती असते. बाकीचे कायदे मात्र तुमच्याशी बोलताना अडखळतात. २०१३ च्याच मे महिन्यात पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन आणि पेन्शन द्या, अशी शिफारस केली होती. ती परिषद सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांची असते. शिफारस अजून शिफारसच आहे.

तुम्हाला हे सगळं मी नव्याने सांगतो आहे असा माझा समज नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, तेव्हा मागण्यांत पैशाबरोबर एक मागणी ऑनलाइन कामाची सक्ती नको ही होती. कारासेक न वाचता तुम्ही त्याच्या मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. वाढीचं आश्वासन मिळालं, कागद निघेना, म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप. मग फेब्रुवारीत तुमच्या शेजारच्या शहापुरातून बाया चालत निघाल्या, थेट ठाण्यापर्यंत, मुंबई-नाशिक महामार्गाने, पन्नासेक किलोमीटर. पुढे आझाद मैदानात तीन आठवडे. मार्चमध्ये सरकारने महिन्याला पाच हजारांची वाढ मंजूर केली. बोलणं सात हजारांचं झालं होतं, पण कागद निघाला.

त्या चालण्याकडे मी केवळ आंदोलन म्हणून बघत नाही. पायाला फोड आलेल्या, रस्त्याच्या कडेला झोपलेल्या बायांना ताण नव्हता असं कोण म्हणेल? पण तो त्यांनी स्वतः ठरवून उचललेला होता. कधी निघायचं, कुठे थांबायचं, काय मागायचं, हे त्यांच्या हातात होतं, आणि आजूबाजूला हजारो जणी होत्या ज्यांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं. गावात तुमच्यातली प्रत्येक जण एकटीच आशा असते. महामार्गावर पहिल्यांदा कित्येकींना कळलं असेल की रात्री दोनची जाग फक्त आपल्यालाच येत नाही.

हे पत्र अनावृत आहे, तेव्हा ते तालुक्याचे साहेबही वाचतील अशी आशा धरतो. साहेब, सात हजार की पाच हजार हे तुमच्या हातात नाही, मान्य. पण संध्याकाळी सातनंतर रिपोर्ट मागायचा नाही, हा निर्णय घ्यायला मंत्रालयात जावं लागत नाही. मासिक सभेतली पहिली पंधरा मिनिटं आकड्यांआधी त्यांच्या बोलण्याला द्यायला निधी लागत नाही. भट्टीवर गेलेल्या बाईचा शोध तिथल्या आरोग्य केंद्राला पत्र धाडून घेता येतो. आशाताईच्या रिचार्जवर तो घ्यायची गरज नाही. मृत्यूच्या चौकशीत ‘नाव नको, दोष नको’ हे सूचनेतलं वाक्य खोलीत वाचून सुरुवात केलीत, तर चहाचाही खर्च वाढणार नाही. आणि गावकऱ्यांनो, तापाची गोळी सकाळी आठ वाजताही तेवढीच लागू पडते.

ताई, पुढच्या सभेत कामांची यादी वाचली जाईल तेव्हा एकच विचारा: हे सगळं मिळून दिवसाचे किती तास होतात? कुणीतरी फळ्यावर बेरीज मांडू दे. एकटीने विचारू नका, सगळ्या जणींनी मिळून विचारा.



आपला स्नेहांकित

ता. क. टेली-मानस ही सरकारची मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. तुम्ही हा नंबर ‘कुणाला लागला तर द्यायला’ म्हणून फोनात ठेवाल याची मला खात्री आहे. त्या कुणाच्या यादीत स्वतःलाही धरा.